धाडसाची मात्रा

वत्सनाभ हे विष होय. परंतु शोधन करून योग्य मात्रेत योजल्यास तेच औषध ठरते. स्वतःची औषधनिर्मिती आरंभू इच्छिणाऱ्या वैद्यबंधूंनी व्यवसायातील धोक्याकडे याच दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

परळचेच उदाहरण घेऊ. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली तेथे लहानशा जागेत विकोचा प्रारंभ केला. उत्पादन एकच, वनस्पतींचे दंतमंजन. विक्री घरोघरी फिरून. टूथपेस्टचा प्रसार होत असताना मंजन विकणे हे धाडसच होते. मात्र आरंभ लहान असल्याने संभाव्य हानीसही मर्यादा होती. पेस्ट व हळदीचे क्रीम ही नंतरची पावले.

आपणही चिकित्सेत नित्य वापरातील, गुण अनुभवलेला एकच कल्प निवडावा. कारखाना उभारण्यापूर्वी लोन लायसन्सचा विचार करावा. त्यायोगे दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला कल्प सिद्ध करता येतो व भांडवल यंत्रांत अडकत नाही. चूर्णांची मुदत आसवारिष्टांच्या आधी संपते, म्हणून त्यांची पहिली बॅच लहानच असावी. औषधविक्रेत्यांशी उधारीचे दिवस आणि न खपलेला माल परत घेण्याच्या अटी आरंभीच लेखी ठरवाव्यात. त्यात उभयतांचे हित आहे.

शेवटी, किती रक्कम बुडाली तरी दवाखाना व घरखर्च अबाधित राहील, तो आकडा प्रथम कागदावर मांडावा. धाडसाची मात्रा तीच. तिच्यापुढे जाऊ नये आणि तिच्या आत भिऊ नये.