दिवा माणूस ओळखत नाही

जिन्यातला किंवा कार्यालयातला आपोआप लागणारा दिवा 'आत कुणी आहे' हे ओळखतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अशा अनेक दिव्यांतला पीआयआर सेन्सर फक्त अवरक्त किरणांतला (शरीरातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णताकिरणांतला) बदल टिपतो. 'स्टॅच्यू'च्या खेळात ज्याच्यावर राज्य असतं, त्याला हलणारा गडीच सापडतो, तसंच हे. म्हणून शांतपणे वाचत बसलेल्या माणसावर अचानक अंधार होतो. बहुतेक वेळा दिवा बिघडलेला नसतो. हालचाल थांबल्यावर किती मिनिटांनी विझायचं, हे ठरवताना घाई झालेली असते. विझण्याआधी उजेड मंद करून सूचना देता येते. असा दिवा बसवताना भिंतीवरचं बटणच काढून टाकणं मात्र मला गैर वाटतं. पक्षाघाताने हालचाल मंदावलेल्या माणसाला हातवारे करून उजेड मागावा लागू नये.