‘ना’ : एक ध्वनी, अनेक कुळे

मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी जे लेखन होत आले आहे, त्यात एक दोष वारंवार आढळतो. दोन भाषांतील दोन शब्द सारखे ऐकू आले आणि त्यांच्या अर्थांत थोडाफार मेळ बसला, की त्यांचे नाते सिद्ध झाले असे गृहीत धरले जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यानंतर भाषेच्या प्राचीनत्वाचा विषय सर्वतोमुखी झाला असताना हा दोष अधिकच महाग पडू शकतो. शब्द जितका आखूड, तितकी फसगत मोठी. या दृष्टीने ‘ना’ हा एकाक्षरी शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

मराठीपुरते पाहिले तरी ‘ना’ हा एकच शब्द नाही. ‘मुलांना’ यातील ना हा अनेकवचनी विभक्तिप्रत्यय, ‘तो येईना’ यातील ना निषेधाचा, ‘ये ना’ यातील आर्जवाचा, ‘येतोस ना?’ यातील होकाराची अपेक्षा धरणारा. ‘नालायक’, ‘नापसंत’, ‘नाहक’ यांच्या आरंभीचा ना फारसीतून आलेला उपसर्ग आहे. याशिवाय ना. सी. फडके यांच्या नावातील ‘ना’ नारायणाचा, ना. धों. महानोर यांच्या नावातील नामदेवाचा, तर वृत्तपत्रांत मंत्र्यांच्या नावामागे लागणारा ‘ना.’ नामदाराचा. हे शेवटचे तीन अर्थातच शब्द नव्हेत, संक्षेप आहेत. पण एक अक्षर किती ओझी वाहू शकते याची कल्पना त्यांवरून येते.

संस्कृतात तर ‘ना’ म्हणजे पुरुष. ‘नृ’ या शब्दाचे प्रथमेचे एकवचन पितृ-पिता, दातृ-दाता या चालीवर ‘ना’ असे होते. ग्रीक भाषेतील ‘आनेर’ (पुरुष) हा शब्द याच कुळातील असून रोमन सम्राट नीरो याच्या कुलनामाचा संबंधही याच मुळाशी जोडला जातो. निषेधवाचक ‘न’शी या ‘ना’चे काहीही नाते नाही. म्हणजे एकाच भाषेच्या एकाच अवस्थेत, जवळजवळ एकाच उच्चाराचे, दोन भिन्न कुळांतले शब्द शेजारी नांदत होते आणि त्यावाचून कोणाचे अडले नाही.

खुद्द ‘न’च्या अर्थांची गुंतागुंत यास्काचार्यांनी ओळखली होती. निरुक्ताच्या पहिल्या अध्यायात त्यांनी नमूद केले आहे, की लौकिक भाषेत ‘न’ निषेधार्थी असतो, वेदात मात्र तो निषेधार्थी आणि उपमार्थी असा दोन्ही प्रकारचा आढळतो. मग प्रत्यक्ष मंत्रात अर्थ कसा ठरवावयाचा? यास्कांचा निकष स्थानाचा आहे : ज्याचा निषेध करावयाचा त्याच्या आधी ‘न’ येतो, ज्याची उपमा द्यावयाची त्याच्या नंतर तो येतो. निषेधातूनच उपमा निघाली (‘तो नव्हे, पण तसा’) असे काही आधुनिक अभ्यासकांचे मत आहे, तर काहींना हे दोन मुळात वेगळे शब्द वाटतात. मतभेद काहीही असो, यास्कांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. त्यांनी ध्वनीकडे पाहून निर्णय दिला नाही. वाक्यातील जागा पाहून दिला.

आता निषेधार्थी ‘न’च्या नातेवाइकांकडे वळता येईल. संस्कृत ‘न’, लॅटिन ‘ने’, लिथुआनियन ‘ने’, गॉथिक ‘नि’, फारसी ‘न’ व ‘ना’ हे सर्व सगोत्र होत. ते सारखे ऐकू येतात हा त्याचा पुरावा नव्हे. वास्तविक ‘न’ आणि ‘ने’ यांचे स्वर भिन्न आहेत, आणि खरा पुरावा त्या भिन्नतेतच आहे. लॅटिनमध्ये जेथे ए येतो तेथे संस्कृतात अ येतो : ‘सेप्तेम्’-‘सप्त’, ‘देकेम्’-‘दश’, ‘एस्त्’-‘अस्ति’. ‘ने’-‘न’ ही जोडी या रांगेत बिनचूक बसते. रांगेत बसणारा फरक हा आकस्मिक साम्यापेक्षा अधिक विश्वसनीय साक्षीदार होय.

इंग्रजीतील ‘नो’ची हकीकत याहून सूचक आहे. प्राचीन इंग्रजीत हा शब्द ‘ना’ असाच होता. मराठी वाचकाला आपला शब्द सापडल्याचा आनंद व्हावा असेच ते रूप आहे. परंतु ते ‘ने’ आणि ‘आ’ (कधीही) यांच्या संयोगाने बनलेले होते. त्याचा आकार ‘कधीही’ या अर्थाच्या शब्दाकडून आलेला आहे. पुढे ‘स्टान’चे ‘स्टोन’ आणि ‘हाम’चे ‘होम’ झाले, त्याच नियमाने ‘ना’चे ‘नो’ झाले. तेव्हा नाते आहे ते आद्य नकारापुरते. कानाला जे पटते त्या ‘ना’ या रूपाचे नव्हे.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कोकणीत ‘ना’ हा नकार आहे आणि तो ‘नाही’ या अर्थाने वाक्याचे क्रियापदही होतो. गोव्यावर साडेचार शतके पोर्तुगीजांचे राज्य असल्याने, आणि पोर्तुगीज नकारही सानुनासिक ‘नांव्’ असा जवळपास ऐकू येत असल्याने, उसनवारीची शंका सहज येते. ती टिकत नाही. कोकणी ‘ना’ हा मराठी ‘नाही’प्रमाणे आर्यभारतीय परंपरेतून आलेला आहे, पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘नोन्’पासून, आणि तो ‘ने’ व ‘एक’ या अर्थाचा शब्द यांच्या जोडणीतून झाला. दोघे एका पणज्याचे वंशज खरे, पण गोव्यात त्यांची गाठ पडली ती परक्यासारखी.

सगोत्र भाषांतही साम्य कसे उलटते हे पाहावयाचे असल्यास ग्रीसकडे पाहावे. तेथे ‘ने’ म्हणजे होय. सीमेपलीकडे बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही. आधुनिक ग्रीकमध्ये ‘ना’ हाही शब्द आहे. तो ‘हिना’ या जुन्या अव्ययाचा झिजलेला अवशेष असून त्याचा अर्थ ‘असे की’, ‘म्हणून’ याच्या जवळ जातो.

परकुलातील भाषांकडे वळल्यावर मोह अधिक बळावतो. कन्नडात ‘ना’ म्हणजे मी, तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझा, तमिळमध्ये ‘नान्’ म्हणजे मी. आणि कोरियन भाषेतही ‘ना’ म्हणजे मी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोरियात राहिलेल्या होमर हलबर्ट या अमेरिकन अभ्यासकाने कोरियन व द्राविडी भाषांचे तुलनात्मक व्याकरणच लिहिले. सर्वनामे भाषा सहसा उसनी घेत नाहीत, म्हणून हे साम्य वजनदार वाटते. पण जुनी रूपे काढून पाहिली म्हणजे चित्र पालटते. संघम् वाङ्मयातील जुने तमिळ रूप ‘यान्’ आहे. जुन्या कन्नडात ‘आन्’ आढळतो. जुन्या तेलुगूत ‘एनु’. आरंभीचा नकार नंतरचा आहे. ‘आपण’ या अर्थाच्या अनेकवचनी रूपाच्या अनुकरणाने तो एकवचनात शिरला असावा असे मानले जाते. ज्या ध्वनीवर साम्याचा सगळा डोलारा उभा होता, तो ध्वनीच मुळात नव्हता. दोन भाषांची आजची रूपे शेजारी ठेवून भागत नाही. प्रत्येकीला तिच्या घरातच मागे नेऊन मगच तुलना करावी लागते, ती याचसाठी.

उर्वरित उदाहरणे थोडक्यात सांगता येतील. स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे आणि, सह. रशियन व पोलिश भाषांत ‘ना’ म्हणजे वर. हवाई बेटांच्या भाषेत तो अनेकवचनाचा निदर्शक आहे. थाई भाषेत ‘ना’ म्हणजे भातशेत. ‘लान ना’ या जुन्या राज्याच्या नावाचा अर्थ दहा लाख भातशेते असा होतो. यांपैकी कोणाचाही दुसऱ्याशी संबंध नाही, आणि तसा नसणे यात नवल काहीच नाही. एखाद्या भाषेत पंधरा व्यंजने व पाच स्वर आहेत असे धरले, तर एक व्यंजन व एक स्वर मिळून होणारी अक्षरे अवघी ७५. अव्यये, सर्वनामे, प्रत्यय यांची गरज प्रत्येक भाषेला असते आणि ती बहुधा याच अक्षरांतून भागवली जाते. न हे व्यंजन तर जगातील बहुतेक भाषांत आहे. अशा दोन अक्षरांचा शब्द केला की शक्यता ५,६२५ वर जातात आणि योगायोगाला जागा कमी उरते.

याच्या उलट, खरे नाते पुष्कळदा कानाला कळतही नाही. मराठी ‘पाव’ आणि जपानी ‘पान’ (म्हणजे पावच) हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज आहेत. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले होते. मराठी ‘पान’ आणि जपानी ‘पान’ हुबेहूब सारखे, पण त्यांचा संबंध शून्य.

पोर्तुगीज बोलीत, विशेषतः ब्राझीलमध्ये, वाक्याच्या शेवटी ‘ने?’ असे विचारतात. ते ‘नाही का?’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचे आकुंचन आहे. जपानीतही वाक्याच्या शेवटी त्याच अर्थाने ‘ने’ येतो; त्याचा नकाराशी संबंध नाही, पोर्तुगीजांशीही नाही. थाई भाषेत आर्जव करताना ऱ्हस्व ‘न’ उच्चारतात, आणि ते ऐकताना मराठी माणसाला ‘ये ना’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ध्वनी, अर्थ आणि वाक्यातील जागा ही तिन्ही जुळूनही नाते नसू शकते, याचा हा नमुना होय. यास्कांचा स्थाननिकष एका भाषेत अर्थ ठरवण्यास पुरतो; दोन भाषांचे कुळ ठरवण्यास तो पुरत नाही.

मग मराठीतील आर्जवाचा ‘ना’ मूळ निषेधातूनच आला काय? रूपे पाहता आज ते दोन वेगळे शब्द आहेत. निषेधाचा ना क्रियापदाला चिकटतो आणि पुरुषवचनाप्रमाणे बदलतो : येईना, येईनास, येईनात. आर्जवाचा किंवा पृच्छेचा ना कधीच बदलत नाही आणि कोणत्याही शब्दामागे येतो : ‘तूच ना?’, ‘कालच ना?’. लेखनातही पहिला जोडून व दुसरा सुटा लिहिण्याचा प्रघात आहे तो सकारणच. ‘तो येईना ना!’ या वाक्यात तर दोघेही एकत्र येतात. तरीही उत्पत्तीच्या बाबतीत बंगालीची साक्ष महत्त्वाची ठरते. तेथे ‘जाओ ना’ याचा अर्थ ‘तू जात नाहीस’ असाही होतो आणि ‘जा ना’ असाही. फरक फक्त आघाताचा. निषेधाकडून आर्जवाकडे जाणारी वाट एका भगिनीभाषेत अद्याप उघडी आहे, आणि ‘येतोस की नाही?’ हे मराठी वाक्य त्याच वाटेवर उभे दिसते. मराठीपुरता निर्णय मात्र महानुभाव गद्य, बखरी आणि जुना पत्रव्यवहार यांतील संवादवजा वाक्ये तपासून, सुटा ‘ना’ प्रथम कोठे आणि कोणत्या जागी दिसतो हे पाहूनच द्यावा लागेल.