बाळाची लोहाची शिदोरी

नवजात बाळाच्या शरीरात लोह किती असते? वजनाच्या दर किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम. म्हणजे ३ किलोच्या बाळाजवळ सव्वादोनशे मिलिग्रॅम, तर २ किलोच्या बाळाजवळ दीडशेच. हे गणित वर्गात फळ्यावर मांडता येईल. मग पुढचा प्रश्न विचारावा: ही शिदोरी किती दिवस पुरते? आईच्या दुधातले लोह चांगले पचते, पण ते असते अगदी थोडे. त्यामुळे पहिले चार ते सहा महिने बाळ मुख्यतः या साठ्यावरच वाढते. आणि हा साठा बराचसा भरतो तो गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची शिदोरी अर्धवटच बांधलेली असते.

शिदोरी बांधणारी आईच रक्तक्षयी असेल तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भवतीच्या १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असणे म्हणजे रक्तक्षय; ७ च्या खाली गेले की तो तीव्र. (एरवी स्त्रियांसाठी ही रेघ १२ वर असते. गर्भारपणात रक्तातला द्रव पेशींपेक्षा जास्त वाढतो व रक्त थोडे पातळ होते, म्हणून ती खाली आणली आहे.)

‘बाळ आईकडून हवे ते ओढून घेतेच’ असे घरोघरी म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. वार आईच्या रक्तातले लोह गर्भाकडे मोठ्या नेटाने पोचवते, म्हणून रक्तक्षयी आईचे बाळही जन्मतः चांगले गुलाबी दिसू शकते. पण आतला साठा तोकडा असतो. शिवाय मिळालेले लोह आधी तांबड्या पेशींकडे जाते, मेंदूची पाळी नंतर. म्हणजे बाळाचे हिमोग्लोबिन ठीक असतानाही वाढत्या मेंदूला लोह कमी पडू शकते. आईचा रक्तक्षय तीव्र असेल तर दिवस भरण्याआधीच प्रसूती होण्याचा आणि बाळाचे वजन अडीच किलोच्या आत राहण्याचा धोका वाढतो. प्रसूतीतला रक्तस्राव अशा आईला सोसत नाही, हे तर वेगळेच.

संपूर्ण गर्भारपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. शेवटी शेवटी रोज पाच-सहा मिलिग्रॅम अंगी लागावे लागते. आता परभणीचे उदाहरण घेऊ. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘इक्रिसॅट’च्या सहकार्याने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, यात चाळीसहून अधिक. पाव किलो पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर दहा-अकरा मिलिग्रॅम पोटात जाते. पण धान्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते. दहा टक्के शोषले गेले असे उदारपणे धरले तरी हाती येते एकच मिलिग्रॅम! वाण चांगले आहे, जेवणात लिंबू पिळावे, जेवणालगतचा चहा टाळावा. तरीही गोळी सुटत नाही.

त्या गोळीत लोहासोबत फॉलिक आम्लही असते, आणि त्याची कथा मुंबईत सुरू होते. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि गिरणी कामगार स्त्रियांच्या गर्भारपणातील एका रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. या रक्तक्षयात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे कळले. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. तिलाही ते लागते. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

गर्भारपणी सुरुवात करणे म्हणजे उशीरच, तो यामुळे. शाळेत दर आठवड्याला मुलामुलींना दिली जाणारी निळी गोळी त्याचसाठी आहे. ती वाटायची म्हणजे तक्रारी येतातच. गोळी रिकाम्या पोटी देऊ नये, दुपारच्या जेवणानंतर द्यावी म्हणजे मळमळ कमी होते. शौचाला काळी होईल हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. न शोषलेल्या लोहाचा तो रंग असतो. तो पाहून घाबरलेले पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येण्यापेक्षा हे बरे.