इतिहासाची पदवी आणि कर्जाचा हिशेब

मी पदवीधर नाही. जे शिकलो ते कामगारांच्या पगारचिठ्ठ्या वाचतावाचता. म्हणून ‘इतिहास शिकून पोट भरेल काय?’ हा प्रश्न मी कपातीच्या रकान्यात पाहतो.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. २०२५-२६ साली तेथल्या मुलांना वर्षाची फी ९,५३५ पौंडांपर्यंत होती. याच दराने तीन वर्षांचे सुमारे २८,६०० झाले. राहण्याखाण्याचे कर्ज निराळेच. बापाच्या पोटात गोळाच यावा! पण हे कर्ज सावकारी नव्हे. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्यांची २५,००० पौंडांवर जेवढी वार्षिक कमाई असेल, तिच्यावर शेकडा ९ कापतात. पगार ३०,००० असेल तर महिन्याला साडेसदतीस पौंड. नोकरी गेली की कपातही थांबते. आपल्याकडच्या बँकेचा हप्ता असा पगार पाहत नाही.

मेख आहे ती मुदतीत. पूर्वी उरलेले कर्ज ३० वर्षांनी माफ होई. २०२३ पासूनच्यांना ४० वर्षे. व्याज महागाईबरोबर चढते. ते शेकडा ३ धरले तर वर्षाला ८५८ पौंड, आणि फेड ४५०! मोठ्या पगाराचा वकील लवकर सुटतो. संग्रहालयातला मध्यम पगारदार साठीपर्यंत देत राहू शकतो.

शिवाय अटी सरकारच्या हातात. २०१२ नंतरच्या कर्जदारांची २७,२९५ पौंडांची मर्यादा २०२१ ते २०२५ गोठवून ठेवली. पगार महागाईने वाढले, कपातही वाढली. सही मात्र आधीच झालेली होती.