बदली झाली, आता घरात रुळायचं

तो किनवटच्या झेडपी शाळेत, ती मुलांसह अहमदपूरला. नांदेड-लातूरमधल्या कितीतरी शिक्षक जोडप्यांचा संसार असा शनिवार-रविवारचाच असतो. राज्याच्या ७ एप्रिल २०२१च्या शिक्षक बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाला प्राधान्य होतं. त्याखाली जिल्ह्यांतर्गत बदलीसाठी दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर लागायचं. जिल्हा बदलला तर आधीची सेवाज्येष्ठता सोडावी लागते.

एवढी किंमत मोजून माणूस घरी येतो, तेव्हा घराची घडी त्याच्याशिवाय बसलेली असते. मुलं सहलीची परवानगी आईलाच विचारतात. दूधवाल्याचा हिशेब, सासूबाईंच्या गोळ्या, शिकवणीची फी, सगळं तिच्याच डोक्यात. अशात त्याने आल्या आल्या शिस्त लावायला घेतली की खटके उडतात. तिने इतकी वर्षं एकटीने निर्णय घेतलेत. ते एकदम वाटून देणं तिलाही जड जातं. यात प्रेम आटल्याची शंका घेऊ नये.

माझं स्पष्ट मत आहे, पहिले काही महिने घरातले नियम जुनेच राहू द्यावेत. त्याने एखादं काम पूर्णपणे अंगावर घ्यावं, म्हणजे आईचा दवाखाना किंवा मुलांचं गणित. नोकरीच्या गावातल्या खोलीचं भाडं वाचतं, त्या पैशांचं काय करायचं हेही दोघांनी आधीच बोलून घ्यावं.