वेणी सोनेरी, पण गाभा शिजला का?

ज्यू धर्मीयांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसू लागले की संपतो. या काळात विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही, असा दंडक आहे. त्यामुळे शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणाला लागणारा ‘खल्ला’ हा वेणीचा पाव दिवस मावळण्यापूर्वीच तयार असावा लागतो. कापडाखाली असे दोन पाव झाकून ठेवतात. वाळवंटातल्या भटकंतीत ‘मन्ना’ हे दैवी अन्न शब्बाथच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे, त्या कथेची ही आठवण.

‘खल्ला’ हे मुळात पावाचे नाव नव्हे. पुरोहितासाठी बाजूला काढून ठेवायच्या पिठाच्या हिश्शाला हा शब्द होता. आजही जास्त पीठ मळले तर त्यातला लहानसा गोळा काढून जाळण्याची प्रथा आहे. कोकणातले बेने इस्रायली शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ त्यांनीही जपला. पावाची ही वेणी मात्र युरोपातल्या ज्यूंची.

घरी पहिल्यांदा खल्ला करणाऱ्याला धास्ती असते ती वेणीची. प्रत्यक्षात तीन पेडांची वेणी केसांची घालतात तशीच असते आणि एक-दोन प्रयत्नांत जमते. पाव बिघडतो तो बहुतेक वेळा तापमानाच्या चुकीने. शिवाय या पिठात अंडी असल्यामुळे प्रश्न केवळ चवीचा राहत नाही.

यीस्टला ऊब हवी, चटका नको

दोन मध्यम पावांसाठी अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम सुके यीस्ट, दोन अंडी, ६० ग्रॅम साखर, पाव वाटी तेल, दीड लहान चमचा मीठ आणि साधारण १७० मिलीलिटर पाणी पुरते. लोण्याऐवजी तेल घालण्यामागे कारण आहे. ज्यू आहारनियमांनुसार मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र खात नाहीत, आणि शुक्रवारच्या जेवणात अनेकदा मांस असते.

यीस्ट ही जिवंत बुरशी. ती साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. गव्हातली प्रथिने पाण्यात मळली गेली की ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते आणि हा वायू तिच्यात अडकून पीठ फुगते. यीस्टसाठी पाणी ३५ ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट लागेल एवढेच असावे. ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरते. कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसह भिजवलेल्या यीस्टला दहा मिनिटांत फेस आला नाही, तर पुढचे जिन्नस वाया घालवू नयेत.

साखर जास्त झाली तर पाव लवकर फुगेल, हा समज चुकीचा आहे. जास्त साखर यीस्टच्या पेशीतले पाणी ओढून घेते आणि फुगण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच खल्ल्याचे गोडसर पीठ साध्या पावाच्या पिठापेक्षा सावकाश फुगते. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. ते दुप्पट झाले, की पुढचे काम. थंडीत याला दोन तासही लागतात, तर मे महिन्याच्या उकाड्यात त्याहून बराच कमी वेळ पुरतो. रात्रभर फुगवायचे असेल तर पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. अंड्याचे पीठ उकाड्यात तासन् तास बाहेर ठेवणे योग्य नाही.

पीठ चाखू नये

मळताना पिठाचा तुकडा तोंडात टाकण्याची सवय मोठ्यांना असते, मुलांना तर हमखास. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. कच्चे पीठही निर्धोक नसते. २०१६ मध्ये अमेरिकेत पिठातल्या ई. कोलाय जिवाणूमुळे ६३ जण आजारी पडल्याची नोंद आहे. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना असा संसर्ग जड जातो.

ज्यू स्वयंपाकघरात प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहतात, कारण रक्ताचा ठिपका असलेले अंडे वर्ज्य मानतात. असा ठिपका आरोग्याला अपायकारक नसतो. पण नासके अंडे सगळ्या पिठात मिसळण्याआधी कळते, हा या रीतीचा फायदा कोणालाही घेता येईल.

रंग फसवतो

वेणी घालून तासभर पुन्हा फुगू दिल्यावर तिच्यावर फेटलेले अंडे लावतात आणि तीळ किंवा खसखस भुरभुरतात. (पाहुण्यांपैकी कोणाला तिळाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारावे.) अंड्यातली प्रथिने आणि पिठातली साखर उष्णतेने एकत्र येऊन सोनेरी तपकिरी रंग देतात. हा रंग लवकर चढतो आणि नवशिका इथेच फसतो. वरून पाव देखणा दिसतो, पण वेणीच्या जाड मध्यभागी पीठ चिकट आणि कच्चे असते.

ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्यावा. मध्यम पावाला २५ ते ३० मिनिटे लागतात. रंग आधीच गडद झाला तर वरून फॉइल झाकावी, पाव बाहेर काढू नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर मध्यभागी खुपसल्यावर ८८ ते ९० अंश दिसले, की आत अंडे आणि पिठूळ भाग दोन्ही नीट शिजले. थर्मामीटर नसेल तर पाव उलटा करून बुडाशी टिचकी मारावी. पोकळ आवाज यायला हवा. ही खूण अंदाजाची आहे, शंका वाटली तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. पाव जाळीवर पूर्ण निवल्यावरच कापावा. गरम कापला तर नीट भाजलेला पावही आतून ओलसर लागतो.

कोणी, किती?

खल्ल्याच्या ५० ग्रॅमच्या कापात साधारण १४० कॅलरी आणि २४ ग्रॅम कर्बोदके असतात. तंतू मात्र जेमतेम एक ग्रॅम. मधुमेहींनी एक काप भाजी, डाळ किंवा मासे-मांसासोबत, जेवणातली पोळी वा भात कमी करून घ्यावा. नुसता चहात बुडवून खाऊ नये.

सीलिअ‍ॅक आजार असलेल्यांना मात्र गव्हाचा हा पाव एक घासही चालत नाही. धार्मिक नियमानुसार पाव गहू, जव, राय, ओट किंवा स्पेल्ट या पाचांपैकी एका धान्याचा लागतो. म्हणून असे ज्यू रुग्ण गव्हाचा संसर्ग नसल्याची खात्री असलेल्या ओटच्या पिठाचा पाव करतात, तोही वैद्यकीय सल्ल्याने, कारण काहींना ओटही सोसत नाहीत. त्याच्यासाठी परात, लाटणे आणि ओव्हनची जाळीसुद्धा वेगळी ठेवावी लागते.

पहिल्या खल्ल्याची वेणी थोडी वाकडी झाली तरी बिघडत नाही. पाणी कोमट, पीठ दुप्पट आणि गाभा ९० अंश, एवढे सांभाळले तर तो पाव निर्धास्तपणे ताटात वाढावा.