लोकशाहीच्या शाळा (लेखांक ५) : सतरंज्या उचलणाऱ्याचा अभ्यासवर्ग

मागच्या आठवड्यात आपण रात्रशाळा आणि प्रौढ साक्षरता वर्ग पाहिले. आता पुढचा प्रश्न: लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला राजकीय पक्षात काम करायचं असेल, तर त्याला कोण शिकवतं आणि काय शिकवतं?

मीरा-भाईंदरमधल्या हाटकेशच्या वाचकाला याचं एक उत्तर स्वतःच्याच महापालिकेच्या हद्दीत सापडेल. भाईंदर पश्चिमेच्या पुढे, समुद्राकाठच्या उत्तनला केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. म्हाळगी १९५७मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार झाले आणि पुढे ठाण्याचे खासदार. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवणारे लोकप्रतिनिधी म्हणून ते ओळखले जात. १९८२मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी ही संस्था उभी राहिली. संघ-भाजप परिवाराशी तिचं नातं उघड आहे. तरी इतर पक्षांच्या लोकप्रतिनिधींनाही तिचे वर्ग खुले असतात. सभागृहाचे नियम, अर्थसंकल्पाचं वाचन, भाषण, जनसंपर्क असे तिथले विषय. वर्ग निवासी असल्याचाही फायदा होतो. माणूस मतदारसंघाच्या धावपळीतून सुटतो आणि दुसऱ्या जिल्ह्यातला कार्यकर्ता त्याच्या शेजारी जेवायला बसतो. व्याख्यानात न सुटलेला प्रश्न अनेकदा तिथे सुटतो.

महाराष्ट्रात ही कल्पना त्याआधीपासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९५६मध्ये मुंबईत ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ सुरू केलं. राजकारणात येणाऱ्यानं आधी तयारी करावी, हा त्यामागचा आग्रह. डिसेंबरमध्ये बाबासाहेब गेले आणि ती शाळा पुढे टिकली नाही. समाजवाद्यांकडे १९४१पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आणि अभ्यासमंडळं होती, पुढे कलापथकही आलं. कम्युनिस्टांच्या लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख गिरणगावात पोहोचले. अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ मिळालीच नव्हती. त्यांचं शिक्षण चळवळीत झालं. पत्रक वाचू न शकणाऱ्या कामगाराला मजुरी आणि नफ्याचा हिशेब लोकनाट्यातून कळत असे. लोकशिक्षण ते हेच.

जगात या कामाला सर्वांत पक्कं रूप दिलं ते स्वीडननं. तिथे १९१२मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, कामगार संघटना आणि सहकारी चळवळ यांनी मिळून एबीएफ ही कामगार शिक्षण संस्था काढली. तिचा पाया अभ्यासमंडळ हा. मोजकी माणसं ठरल्या दिवशी भेटतात, एक पुस्तक किंवा अहवाल घेऊन बसतात आणि आळीपाळीनं मांडणी करतात. वक्ता आणि श्रोते अशी विभागणीच नसते. कामावरून आलेला माणूस तिथे बोलायला शिकतो. त्याहून मोलाचं म्हणजे दुसऱ्याचं खोडायला आणि स्वतःचं खोडलेलं ऐकून घ्यायला शिकतो.

आपल्याकडे नेमकी हीच बाजू लंगडी आहे, असं मला ठामपणे वाटतं. शिबिरात बौद्धिक होतं, टाळ्या होतात, माणूस भारावून घरी येतो. पक्षाचा विचार त्याला कळतो, पण आपल्या प्रभागाचा हिशेब कळत नाही. शिवाय प्रशिक्षणाचा ओघ निवडून आलेल्यांकडे जास्त आणि सतरंज्या उचलणाऱ्या साध्या कार्यकर्त्याकडे कमी. खरं तर उद्याचा उमेदवार त्याच्यातूनच यायचा असतो.

उदाहरणार्थ, मीरा-भाईंदरमध्ये २०१७च्या निवडणुकीत २४ प्रभाग आणि ९५ जागा होत्या. बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. त्यांपैकी कोणतं काम कोणाला विचारायचं, हे मतदाराला सांगणार कोण? पक्षाचा कार्यकर्ताच. शहराला पाणी स्टेम आणि एमआयडीसी या बाहेरच्या यंत्रणांकडून येतं. महापालिकेच्या हातात किती आणि बाहेर किती, हे त्यालाच ठाऊक नसेल तर तो कोरडी आश्वासनंच वाटत फिरणार. कायद्यानं निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. नगरसेविकेला विषयपत्रिका, लक्षवेधी आणि स्थायी समितीचं काम आधीच उमगलं असेल, तर तिच्या नावावर दुसऱ्या कुणाला कारभार हाकता येणार नाही.

यासाठी केशवसृष्टीसारखा परिसर लागत नाही. हाटकेशमधल्या एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात आठ माणसं, महापालिकेचा अर्थसंकल्प आणि आठवड्याचा एक तास पुरतो. दर वेळी एकच लेखाशीर्ष घ्यावं: मालमत्ता कर, घनकचरा, परिवहन, शाळा. मांडणी प्रत्येकानं पाळीपाळीनं करावी. वर्षाअखेरीस त्या आठ जणांनी स्वतःच्या पक्षाच्या नगरसेवकालाही अडचणीचा प्रश्न विचारला, तर वर्ग यशस्वी झाला असं समजावं. ज्या पक्षाला असा प्रश्न सोसवत नाही, त्याच्या शिबिरात प्रचारक घडतील, नागरिक नाहीत.

(पुढील आठवड्यात : ग्रामपंचायतीतल्या महिला सदस्यांचं प्रशिक्षण)